उपडी बादली

सोमवारी प्राण्यांची बाग बंद असते, म्हणून थोरलीच्या पाठवणीला सोमवार धरला होता. पण अकरा वाजून गेले तरी पाठवणीचं काही चिन्ह दिसेना. अंगणाच्या मधोमध लोखंडी पिंजरा दार उघडून उभा, त्याच्यापुढे थोरली उभी, आणि तिच्या आजूबाजूला डॉक्टरीणबाई, दादा, चिंगी, क्रेनवाला आणि लांबून आलेला ट्रकचा ड्रायव्हर अशी पाच माणसं उभी. सगळ्यांत निवांत थोरलीच होती. पुढचे दोन पाय फळीवर टाकायची, सोंड आत घालून हुंगायची, आणि भाव ऐकून दुकानातून माघारी फिरणाऱ्या बाईसारखी सावकाश मागे सरायची.

"हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात," ड्रायव्हर म्हणाला, "इथं तर अख्खा हत्तीच राहिलाय."

कोणी हसलं नाही. हत्तींवरच्या म्हणी ऐकून ऐकून या घराचे कान किटले होते. घरी येणारा प्रत्येक पाहुणा तीनपैकी एक म्हण सांगायचाच, आणि तीही आपल्यालाच आत्ता सुचली अशा थाटात.

चिंगीच्या हातात केळ्यांची टोपली होती आणि डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. दादांची ही एकुलती एक लेक. बागेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली लागून तिला दोन वर्षं झाली होती, आणि थोरलीला हत्तींसाठी राखलेल्या रानात पाठवायचं हे खूळ, आत्याच्या शब्दांत सांगायचं तर, हिच्याच डोक्यातून निघालेलं. अर्ज हिने लिहिले, खेटे हिने घातले. त्या रानात सर्कशींतून आणि बागांतून सुटलेल्या अकरा म्हाताऱ्या हत्तिणी होत्या. चिखल होता, तळं होतं, पायाखाली माती होती. इथे पायाखाली सिमेंट होतं, आणि त्या सिमेंटने थोरलीच्या नखांची काय दशा केली होती ते रोज कानस घेऊन बसणाऱ्या दादांना विचारावं.

"तीन वाजता शेवटचं बघू," डॉक्टरीणबाई घड्याळ बघत म्हणाल्या. "मग क्रेन जाईल. पिंजरा उद्या दुसऱ्या बागेत हवाय, तिथली हत्तीण थांबलीये."

"आणि आपली पाळी परत कधी?"

"दोन वर्षांनी, लवकरात लवकर. आणि हे पाय दोन वर्षं टिकणार नाहीत, चिंगी. तुला खोटं कशाला सांगू?"

भिंतीपलीकडून बाराच्या गाडीची शिट्टी ऐकू आली. थोरलीने दोन्ही कान पसरले आणि पार शेवटचा डबा जाईपर्यंत ती हलली नाही. शिट्टी झाली की ती अशीच उभी राहायची. आवाजाला भिते, असं सगळे म्हणत.

*

हत्तीखान्याला लागूनच दादांची दोन खोल्यांची कॉटर होती. पुढच्या खोलीत दादांच्या वडिलांची, आबांची खाट खिडकीशी अशी लावलेली, की उशीवर मान टाकली तरी थोरली दिसावी. वीस वर्षांपूर्वी सर्कस बसली, प्राण्यांचे खेळ बंद झाले, शेवटचा हत्ती बागेने घेतला आणि हत्तीबरोबर माहूतही घेतला, तेव्हापासूनची ही खाट. आबा ऐंशीला टेकले होते. गुडघे गेले होते, पण डोळा शाबूत होता, आणि सतत थोरलीवर लागलेला तो डोळाच घरच्यांना जास्त त्रास द्यायचा.

वहिनी ताटं मांडत होती आणि आत्या ती पुन्हा नीट मांडत होती. एरवी या नणंद-भावजयीचा छत्तीसचा आकडा. आत्याचं शिवणाचं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये एवढं अंतर आहे म्हणूनच दोघींचं बरं चाललंय, असं दादा म्हणत. आज मात्र दोघींची युती झाली होती. आत्या सकाळीच दुकान बंद करून आली होती, ती थोरलीला निरोप द्यायला नव्हे, तर हे सगळं थांबवायला.

दादा आणि चिंगी हात धुऊन येऊन बसतात न बसतात तोच तिने सुरुवात केली. "नको म्हणतेय ना ती? मग झालं. मुक्या जनावराला कळतं ते तुम्हा शिकलेल्यांना कळत नाही."

"आत्या, तिने ते रान बघितलंय का कधी? मग त्याला नको कशी म्हणेल? ती पिंजऱ्याला नको म्हणतेय."

"एकच झालं ते. सहा आठवडे केळी दाखवताय. एवढ्यात नवरीसुद्धा तयार झाली असती."

"वन्सं बरोबर बोलतायत," वहिनी म्हणाली. दादांनी दचकून बायकोकडे बघितलं. बावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं.

वहिनीने भाताचं पातेलं खाली ठेवलं. लग्न होऊन आली तेव्हा तिला थोरलीचा वास सहन होत नसे. आता दिवसाला दोन भोपळे आणि परातभर गाजरं चिरताना तिला ते कामही वाटत नव्हतं. पण तिला भीती वाटत होती ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि आज ती बोलून टाकायची असं तिने ठरवलं होतं. "तुम्ही सकाळी कामाला जाल. चिंगी दवाखान्यात जाईल. घरात मी आणि आबा. त्यांनी त्या खिडकीतून काय बघायचं? सिमेंट? माणूस खिडकीशी बसून झुरताना मला बघवायचं नाही. हत्तिणीच्या पायांचं सगळे बोलतात. आबांचं कोण बोलणार?"

आबा खाटेवर बसून भात कालवत होते. आपलंच बोलणं चाललं आहे हे जणू त्यांना कळलंच नाही.

"मी आणखी काय करू?" दादा म्हणाले. ते फार कमी बोलायचे, त्यामुळे सगळे थांबले. "पहाटे दार उघडतो तेव्हा ती डुलत असते. एका पायावरून दुसऱ्या पायावर. बघायला येणारी पोरं टाळ्या वाजवतात, हत्तीण नाचतेय म्हणतात. नाचत नाही ती. वीस वर्षं तिच्याशी तिच्या जातीचं कोणी बोललेलं नाही."

"आपण आहोत की," आत्या म्हणाली.

"आपण हत्ती नाही गं. कितीही केलं तरी आपण हत्ती नाही." दादांनी ताटातला हात तसाच धरला होता. "मी का तिच्यावर उठलोय? ती गेली की मला पक्ष्यांच्या विभागात टाकणार. पन्नाशीला आलेला माणूस पोपटांना दाणे घालणार. तरी म्हणतो, जाऊ दे तिला. सगळं करून बघितलं. आबांची जुनी बादलीसुद्धा आत ठेवली, पुढच्या टोकाला, उपडी, ते ठेवायचे तशी. म्हटलं आबांचा वास येईल, धीर येईल. तरी नाही."

आत्याच्या हातातली वाटी हातातच राहिली.

"कसली बादली?"

"मालगाडीच्या डब्यातली. खाटेखाली असायची ना, जस्ताची, ती."

"रिकामी? वर कोणी न बसता?"

"कोण बसणार? मी बाहेर उभा राहून बोलावतो. का?"

आत्याने आबांकडे बघितलं. आबांनी कालवलेला भात पुन्हा कालवायला घेतला होता. त्यांनी मान वर केली आणि बाप-लेकीची नजर भेटली, ती क्षणभरच. मग आत्या म्हणाली, "काही नाही. सहज विचारलं. जेवा, गार होतंय."

*

सर्कस गाव बदलायची तेव्हा हत्ती मालगाडीच्या डब्यात चढवावे लागत. इतर माहूत अंकुश लावत, साखळी ओढत, आरडाओरडा करत. या घराण्याची मात्र आपली एक रीत होती, पणजोबांपासून आलेली. माहुताने आधी आत जायचं, डब्याच्या पुढच्या टोकाला, माणसांच्या लहान दाराशी, बादली उपडी घालायची आणि तिच्यावर हत्तीकडे पाठ करून बसायचं. हाक मारायची नाही, वळून बघायचं नाही. हत्ती आपणहून येतो, खांद्याला सोंड लावतो, मग मागचं मोठं दार ओढायचं. माहूत आत तर हत्ती आत, असं आबा शिकवायचे. थोरली आणि धाकटी, दोघींना त्यांनी असंच शिकवलं होतं. धाकटी आधी चढायची, तिच्या शेपटीला सोंड लावून थोरली.

त्या दोघी सख्ख्या बहिणी नव्हत्या. वेगवेगळ्या रानांतून धरून आणलेल्या, पण एका खुंट्याला वाढलेल्या. स्टेशनापासून मैदानापर्यंत मिरवणूक निघायची तेव्हा आत्या पाच वर्षांची असल्यापासून धाकटीच्या मानेवर बसायची. धाकटीच्या डाव्या कानाला एक खाच होती, आणि त्या खाचेत बोट अडकवून बसलं की पडायची भीती वाटत नसे. आता आत्या सत्तेचाळीस वर्षांची होती, पण सुईत दोरा ओवताना कधी कधी तिला बोटाला तो कान आठवायचा.

धाकटी गेली तेव्हा आत्या नऊ वर्षांची होती. दादा शाळेसाठी मावशीकडे होते. मालकाने धाकटीला दुसऱ्या सर्कशीला विकलं, त्यांची माणसं येऊन तिला घेऊन गेली, मी बाजारात गेलो होतो, असं आबांनी घरी सांगितलं. आत्याने ते ऐकून घेतलं आणि कोणालाच काही सांगितलं नाही. कारण ती पाण्याच्या टाकीमागे लपून बसली होती आणि तिने सगळं पाहिलं होतं.

जेवणं झाली तसं ती आबांना म्हणाली, "चला, थोरलीकडे जाऊन येऊ." दादा आणि चिंगी ट्रकवाल्याशी बोलायला गेले होते. बाप-लेक काठी टेकत, दर दहा पावलांवर थांबत निघाली. हत्तीखान्याच्या कोपऱ्यात सिमेंटचा एक पाच पायऱ्यांचा जिना होता, कुठेच न जाणारा. बागेत आल्यावर पहिली सात वर्षं त्याच्यावरून पोरं थोरलीच्या पाठीवर चढायची. ते बंद झालं तेव्हापासून पायऱ्यांवर कुंड्या होत्या. आत्याने एक कुंडी बाजूला सारली आणि आबांना बसवलं.

थोरली लगेच आली. तिने आबांचं डोकं हुंगलं, मग आत्याचा पदर हुंगला आणि तिथेच दोघांना लागून उभी राहिली. तिच्या कानामागे अंकुशाचा जुना व्रण होता. आबांनी सवयीने त्याच्यावर हात ठेवला. तो त्यांच्याच हातचा होता.

"तुम्हाला ठाऊक होतं," आत्या म्हणाली.

आबांनी काठी मांडीवर आडवी ठेवली.

"चिंगी रोज संध्याकाळी तुम्हाला मोबाईलवर दाखवायची, आज थोरली कुठवर आली ते. तुम्ही म्हणायचात, परत लाव, परत लाव. ती मला फोनवर सांगायची, आबांचा केवढा जीव आहे बघ. आणि तुम्हाला त्यात बादली दिसत होती."

"पहिल्याच दिवशी दिसली."

"सहा आठवडे!"

"दादाने खाटेखालून काढली तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, आज नको, उद्या बोलू." आबांचा हात व्रणावरून सरकत नव्हता. "मग वाटलं, आलीच नाही तर नाही आली. माझं किती राहिलंय? तेवढं राहू दे तिला इथं. मग खुशाल न्या."

आत्याला रडू आलं आणि त्याच वेळी हायसंही वाटलं. तिला हेच तर हवं होतं. थोरली गेली असती तर आबा गेले असते, आणि मग आत्याखेरीज धाकटीला जवळून ओळखणारं जगात कोणीच उरलं नसतं. तिने आबांचा गुडघा धरला आणि आवाज खाली आणला. "आबा, मीही नाही बोलणार. तीन वाजता नाही आली की झालं. दादाला काय कळतंय? त्या दिवशी तो नव्हताच. तुम्ही आणि मी गप्प बसलो तर कोणाला कळायचं नाही."

आबांनी लेकीकडे बघितलं. किती सहज बोलली, हेच त्यांना पहिल्यांदा जाणवलं. त्या दिवशी टाकीमागे कोणीतरी हललं होतं, ते मांजर असेल अशी समजूत त्यांनी अडतीस वर्षं घालून घेतली होती. ती त्यांची नऊ वर्षांची पोर होती, आणि ती गप्प बसायला त्यांच्याकडूनच शिकली होती.

"नको," ते म्हणाले. "एका घरात माझ्यासारखा एक पुरे झाला. दादाला हाक मार."

*

दादा आले तेव्हा त्यांच्याबरोबर चिंगीही होती, आणि काय झालं म्हणून घाबरून वहिनीही हात पुसत आली होती.

"पिंजऱ्यातली बादली काढ," आबा म्हणाले.

"अहो, ती तुमचीच..."

"माझीच आहे म्हणून काढ. तिला वाटतंय मी फसवतोय."

मग त्यांनी सांगितलं. मध्ये थांबले नाहीत, कारण थांबले असते तर पुढे बोलवलं नसतं.

"धाकटीला माणसांनी नेलं नाही. मी चढवली. मालक म्हणाला, तू चढवतोस की अंकुशवाले आणू? मी म्हटलं, मार खाऊन जाण्यापेक्षा माझ्या हाताने जाऊ दे. ते खोटं नव्हतं. पण नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी आपलं बिऱ्हाड रस्त्यावर, हेही डोक्यात होतं. डब्यात गेलो, बादली घातली, बसलो. धाकटी आली, खांद्याला सोंड लावली. नेहमीसारखी. आणि मी लहान दारातून बाहेर सटकलो. थोरलीचे पुढचे पाय फळीवर होते. तिने आत बघितलं तर बादली रिकामी. तेवढ्यात माणसांनी मोठं दार ओढलं. धाकटी आतून ओरडत होती. गाडीने शिट्टी दिली आणि गेली."

चिंगीने थोरलीकडे बघितलं. शिट्टी झाली की कान पसरून उभी राहणारी थोरली गेली दोन वर्षं ती रोज बघत होती, आणि कागदावर तिने लिहिलं होतं, आवाजाला घाबरते.

"त्यानंतर ती रिकाम्या बादलीच्या डब्यात कधी चढली नाही," आबा म्हणाले. "म्हणून मी प्रवासभर आत बसायचो. दोन दिवस लागोत, तीन दिवस लागोत. लोक म्हणायचे, बघा, माहूत असावा तर असा. मी ऐकून घ्यायचो. पुढे दिसेल त्या सर्कशीत जाऊन बघितलं, डाव्या कानाला खाच आहे का. कोणी म्हणालं समुद्रापलीकडे नेली, कोणी म्हणालं दोनच वर्षांत मेली."

दादांचा चेहरा लाल झाला होता. धाकटीचं ते नंतर समजून घेणार होते. आत्ता त्यांना फक्त सहा आठवडे दिसत होते. "मी रोज तिला त्या बादलीसमोर उभी करत होतो," ते म्हणाले. "रोज, आबा. आणि तुम्ही खिडकीतून बघत होता?"

"बघत होतो."

"का?"

"मला ती जायला नको होती," आबा म्हणाले. "दुसरं काय?"

याच्यावर दादांना ओरडायचं होतं. पण गेले सहा आठवडे रोज संध्याकाळी थोरली मागे सरली की आपल्याही छातीवरचं ओझं घडीभर उतरायचं, हे त्यांना आठवलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि बाही डोळ्यांवरून ओढली.

"बादली काढली तर येईल का ती?" चिंगीने विचारलं.

"नुसती काढून यायची नाही. बादलीवर माणूस पाहिजे. मी बसतो."

"म्हणजे पुन्हा तेच?" दादा उसळले. "तुम्ही बसायचं, ती येणार, आणि तुम्ही पळायचं?"

"पळायचं नाही. तिच्यासमोर उठायचं, सांगून. मोठं दार उघडंच ठेवायचं."

"मग ती मागे निघून येईल!"

"आली तर आली," आबा म्हणाले. "मग ते तिचं."

*

आबांना आत बसू द्यायला डॉक्टरीणबाई तयार होईनात. हत्ती आणि ऐंशी वर्षांचा म्हातारा एका पिंजऱ्यात, हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, पाच मिनिटं, लहान दार उघडं, आणि दाराशी दादा. प्रवासभर आत बसायचं आबांनी महिन्यापूर्वीच मागून बघितलं होतं, ते पुन्हा मागितलं नाही.

तीनला पाच मिनिटं कमी असताना आबा पिंजऱ्यात गेले. दादांनी त्यांना धरून बादलीवर बसवलं. आत्या आणि वहिनी जिन्याच्या पायरीवर कुंड्यांच्या मध्ये बसल्या होत्या. वहिनीने आत्याचा हात धरला होता, आणि कोणी कोणाचा धरलाय हे दोघींच्याही लक्षात नव्हतं.

आबांनी पाठ फिरवली आणि गप्प राहिले.

थोरलीने सोंड आत घातली. हुंगलं. मग पुढचा उजवा पाय, पुढचा डावा. दर वेळी ती इथूनच मागे फिरायची. ड्रायव्हरने तोंडावर हात ठेवला. मागचा एक पाय फळीवर आला, फळी करकरली, आणि पुढच्या चार पावलांत ती आख्खीच्या आख्खी पिंजऱ्यात होती. तिने सोंड आबांच्या खांद्यावर ठेवली.

मोठं दार ओढायला थांबलेला क्रेनवाला दादांकडे बघत होता. ओढलं असतं तर काम तिथेच झालं असतं. दादांनी मान हलवून नको म्हटलं.

आबा उठले. थोरलीची सोंड खांद्यावरून खाली सरकली, त्यांच्या पोटावर आली, आणि तिने त्यांना हळूच पुन्हा बादलीवर बसवलं.

ते थोडा वेळ बसले. पुन्हा उठले. तिने पुन्हा बसवलं.

दारातून दादांना सगळं दिसत होतं. डॉक्टरीणबाईंनी पाच बोटं दाखवली, म्हणजे पाच मिनिटं झाली. दादांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

आबा आता तिच्याकडे तोंड करून बसले. घराण्याच्या रीतीत हे बसत नव्हतं. "ऐक," ते म्हणाले. "मी येत नाही. मला येता येत नाही. तू एकटी जायचंस. तिकडे तुझ्यासारख्या अकरा आहेत म्हणते चिंगी. त्यांच्यात धाकटी नाही. ती असती तर मी तुला उचलून नेली असती." त्यांचा आवाज फाटला. "त्या दिवशी मी न सांगता गेलो. आज सांगून जातोय. तुला नको असेल तर मागे दार उघडं आहे."

हत्तिणीला यातलं किती कळलं, ते कोणी सांगू नये. तिला आवाज कळत होता. आबा तिसऱ्यांदा उठले तेव्हा तिने सोंड वर घेतली आणि त्यांना वाट दिली.

त्यांनी बादली उचलली, दादांचा हात धरून लहान दारातून बाहेर आले, आणि चार पावलंही गेले नाहीत. गजांसमोरच, तिची सोंड पोचेल एवढ्या अंतरावर त्यांनी बादली उपडी घातली आणि तिच्यासमोर बसले. दादांनी लहान दार लावलं. मागचं मोठं दार सताड उघडं होतं.

थोरलीने मागचा एक पाय मागे टाकला. फळी वाजली. चिंगीच्या घशातून बारीक आवाज निघाला. थोरलीने गजांतून सोंड बाहेर काढली, आबांच्या पायांमधून खाली नेऊन बादली चाचपली, कडा चाचपली, आणि बादलीवर माणूस आहे याची खात्री करून घेतली. मग सोंड त्यांच्या खांद्यावर ठेवली. मागे गेलेला पाय पुन्हा आत आला.

"ओढ दार," आबा म्हणाले. "तूच ओढ, दादा. आणि मोठा आवाज करून ओढ. तिला कळू दे."

दादांनी ओढलं. थोरलीने मान वळवून दाराकडे बघितलं, आणि पुन्हा आबांकडे.

क्रेनने पिंजरा उचलून ट्रकवर ठेवला. ड्रायव्हर म्हणाला, हत्तीचं तोंड मागेच ठेवतो आम्ही, नाहीतर ब्रेकला डोकं आपटतं. आबांनी मान डोलावली. मागच्या फाटकापर्यंत सरळ रस्ता होता, दोन्ही बाजूंना बंद पिंजरे. आबांनी दादांना आपली बादली त्या रस्त्याच्या अगदी मधोमध ठेवायला लावली आणि तिच्यावर बसले. ट्रक निघाला. गजांतून बाहेर आलेली सोंड, वर उचललेली, लहान लहान होत गेली. फाटक उघडलं, ट्रक डावीकडे वळला आणि गेला. चिंगी डॉक्टरीणबाईंच्या गाडीतून मागोमाग गेली, रानापर्यंत सोबत म्हणून.

वहिनी पुढे आली. तिने आबांच्या काखेत हात घातला. "चला, आबा. चहा टाकते. गेली ती, दिसेनाशी झाली."

"तुला दिसेनाशी झाली," आबा म्हणाले. "तिचं सगळं नाकावर चालतं. वारा तिकडेच जातोय. मी उठलो तर तिला कळेल."

वहिनीने दादांकडे बघितलं. दादा आबांच्या शेजारी खाली सिमेंटवर बसले. मग आत्या येऊन बसली. थोड्या वेळाने वहिनी चहा तिथेच घेऊन आली.